झाडीपट्टीचे काळीज

ब्रह्मपुरीसारख्या तालुक्याच्या गावी एखादा चाळिशीच्या आतला कर्ता पुरुष पोट फुगून, डोळे पिवळे पडून, अखेरीस रक्ताची उलटी होऊन मरण पावला, म्हणजे आम्हा सुशिक्षितांच्या बैठकीत त्याच्या मृत्यूची चौकशी दोनचार शब्दांत आटोपते. "कशाने गेला?" "लिव्हर खराब झाले होते." "मग पीत असेल!" एवढे झाले की चहाचे पेले पुन्हा हाती घेतले जातात आणि बोलणे धानाच्या भावाकडे वळते. मृताची पत्नी शपथेवर सांगत असेल की ह्या माणसाने जन्मात दारूला बोट लावले नाही. पण तिची साक्ष ह्या न्यायासनापुढे घेतली जात नाही. निकाल अगोदरच लागलेला असतो, आणि त्यावर अपील नाही.

हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो, आणि जेथे तो बरोबर असतो तेथेही तो अपायकारकच ठरतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या वनप्रदेशात यकृताच्या विकाराने जी माणसे मरतात, त्यांतील पुष्कळांचा रोग टाळता येण्याजोगा किंवा वेळीच ओळखल्यास आवरता येण्याजोगा असतो. त्यासाठी लागणारी साधने शास्त्राने शोधून ठेवली आहेत, त्यांतली बहुतेक स्वस्त आहेत, आणि कित्येक तर सरकारने विनामूल्य देऊ केलेली आहेत. असे असता माणसे मरतात, ह्याचा दोष कोणाकडे तरी जातो. "पीत असेल" हे दोन शब्द तो दोष मेलेल्या माणसाच्या पदरात टाकतात आणि आम्हाला मोकळे करतात. म्हणूनच ते आम्हाला इतके प्रिय आहेत.

प्रथम ज्या इंद्रियाचा हा प्रश्न आहे त्याची ओळख करून घेऊ. 'काळीज' हा शब्द आज आपण हृदयाच्या अर्थी वापरतो. कोणाचे काळीज फाटते, कोणाचे वाघाचे असते. पण त्या शब्दाचा मूळचा अर्थ यकृत असाच आहे, आणि खाटकाच्या दुकानी कलेजी मागितली तर आजही यकृतच पदरात पडते. उजव्या बरगड्यांच्या आड असलेले सुमारे दीड किलो वजनाचे हे इंद्रिय अन्नरसाचा साठा करते, रक्तातील विषे निकामी करते, आणि जखम झाली असता रक्त गोठविणारी द्रव्येही तयार करते. त्याची सोशिकता विलक्षण आहे. त्याचा बराच मोठा भाग नष्ट झाला तरी उरलेला भाग सगळे काम अंगावर घेतो आणि कुरकूर करीत नाही. हाच त्याचा गुण रोग्याच्या मुळावर येतो. पोटात पाणी साठते, पायांवर सूज चढते, तेव्हा रोगाचे दहा-वीस वर्षांचे काम उरकलेले असते. तात्पर्य, ह्या रोगाला शोधीत जावे लागते. तो आपल्या पायांनी दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहणाऱ्या व्यवस्थेच्या हाती बहुधा केवळ प्रेत लागते.

आता आमच्या झाडीपट्टीत ह्या शोधाची काय गत आहे ती पाहा. डोळे पिवळे झाले की 'कावीळ झाली' असे म्हणून घरातील माणसे निदान झाल्याचे समाधान मानतात. वस्तुतः कावीळ हा रोगच नव्हे. ते अनेक रोगांचे एक लक्षण आहे. डोके दुखते म्हटल्याने जसे काही निदान होत नाही, तसेच हे. आणि ज्या प्रदेशात ह्या लक्षणाच्या मागे अनेक निरनिराळे रोग दडलेले असू शकतात, अशा प्रदेशांत गडचिरोली-चंद्रपूरची गणना केली पाहिजे. येथे हिवताप आहे, आणि त्याच्या घातक प्रकारात डोळे पिवळे होतात. येथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार घरोघर शिरलेला आहे. त्यात तांबड्या पेशी फुटून डोळ्यांवर तोच रंग चढतो. धानाच्या चिखलात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो, पित्ताशयातील खडे, क्षयावरील औषधांचा यकृतावर होणारा परिणाम, आणि ह्या सर्वांच्या जोडीला यकृतदाहाचे ए, बी, सी, डी, ई असे पाच विषाणू! ह्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एकाला जी दिरंगाई चालते तीच दुसऱ्याला प्राणघातक ठरते. कोणता रोग आहे हे डोळ्यांकडे पाहून ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. त्याला रक्ताची तपासणीच पाहिजे.

परंतु रोगी तपासणीकडे जाण्याऐवजी कावीळ उतरविणाऱ्याकडे जातो. तो गळ्यात वनस्पतीच्या काड्यांची माळ घालतो. ती दिवसेंदिवस लांब होत जाते आणि रोग उतरत असल्याची खात्री पटते. वस्तुतः काड्या वाळून बारीक होतात आणि सैल बांधलेल्या गाठी सरकतात, म्हणून माळ वाढते. ती खांबाला बांधली तरी वाढेल. दुसरा कोणी रोग्याच्या हातांना झाडाच्या सालीचा रस चोळून ते चुन्याच्या निवळीत धुतो, पाणी पिवळे होते, आणि अंगातील कावीळ निघाली असे सांगतो. हाच प्रयोग धडधाकट माणसाच्या हातांवर केला तरी पाणी पिवळेच होईल. तिसरा नाकात रस पिळतो. चौथा तापलेल्या लोखंडाने डाग देतो. आणि तरीही ह्या लोकांचे यश डोळ्यांना दिसते, ह्याचे कारण असे की दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई ह्या प्रकारांची कावीळ बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. शंभरांतील पुष्कळांना निसर्ग बरा करतो आणि श्रेय माळेला मिळते. ज्यांना हिवताप असतो, ज्यांच्या पित्तनलिकेत खडा अडकलेला असतो, जी स्त्री शेवटच्या तिमाहीत असता ई प्रकारच्या काविळीने आजारी पडते, त्यांचे काय होते? ह्या शेवटच्या प्रकारात चारपाच स्त्रियांमागे एक दगावते असा वैद्यकाचा अनुभव आहे. तिच्या गळ्यात माळ वाढत असताना तिचे आयुष्य संपत असते.

हे वाचून हसू येत असेल तर वाचकांनी ते क्षणभर आवरावे. माळ बांधणाऱ्याला हसण्याचा अधिकार आमच्या वर्गाला कितपत आहे? करोनाच्या साथीत शहरांतील सुशिक्षित घरांत गुळवेलीचा काढा रोजच्या चहासारखा प्यायला जात होता. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने तिचा तत्काळ इन्कार केला. त्या वादाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. पण 'वनस्पतीच आहे, तिने काय होणार' हा जो विश्वास आमच्या दिवाणखान्यात आहे, तोच तिकडे झोपडीत आहे. फरक इतकाच की आम्हाला काही झाले तर आमच्यासाठी नागपूरची मोटार दारात उभी असते.

आता ज्या रोगाने आमच्या बैठकीतील निकाल सर्वांत अधिक वेळा खोटा ठरतो, त्याकडे वळू. बी प्रकारचा यकृतदाह रक्तावाटे, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाला होतो. प्रौढाला तो झाला तर बहुधा शरीर त्याला हुसकून लावते. पण नवजात बालकाला झाला, तर दहांपैकी नऊ बालकांत तो कायमचा मुक्काम करतो. ते मूल हसते, खेळते, शाळेत जाते, रोवणीच्या चिखलात उभे राहते. आणि तिशी-चाळिशीत त्याचे यकृत आखडून तरी जाते किंवा त्यात कर्करोग तरी उद्भवतो. त्याने दारूचा थेंबही घेतलेला नसतो. त्याचा अपराध इतकाच की तो जन्माला आला त्या दिवशी त्याला कोणी लस टोचली नाही.

ह्या विषाणूचा शोध कसा लागला हे आमच्या प्रदेशाने विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. बारूक ब्लुम्बर्ग ह्या अमेरिकन संशोधकाला त्याचा पहिला माग लागला तो ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात. ते संशोधन १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि १९७६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. लसीला १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती आपल्या देशात तयार केली आणि तिची किंमत सामान्यांच्या आटोक्यात आणली. सरकारी लसीकरणात मात्र ती २००२ पासून हळूहळू शिरत शिरत २०११ साली सर्व देशात पोहोचली. आदिवासीच्या रक्तातून निघालेल्या ज्ञानाला आदिवासीच्या पाळण्यापर्यंत यावयास ही एवढी वर्षे लागली! आज जे पंचवीस-तीस वर्षांचे आहेत त्यांतील बहुतेकांच्या जन्मकाळी ही लस सरकारी यादीतच नव्हती. त्यांच्यापैकी कोणाच्या रक्तात हा पाहुणा बसला आहे, हे तपासल्यावाचून कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात बी प्रकाराचे सुमारे २ कोटी ९८ लक्ष आणि सी प्रकाराचे सुमारे ५५ लक्ष रुग्ण होते. आणि जगभरातील बी प्रकाराच्या रुग्णांपैकी केवळ १३ टक्क्यांना आपल्या रोगाचे निदान झालेले होते. आदिवासी समाजांत हे प्रमाण सर्वत्र सारखे नसले तरी इतरांहून एकंदरीत अधिक आढळते, असे अभ्यास सांगतात.

आणि उपाय? बी प्रकारावर रोज एक गोळी घेतली असता रोग काबूत राहतो. सी प्रकार तर बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांपैकी पंचाण्णव जणांत समूळ जातो. २०१८ च्या २८ जुलैला, म्हणजे ब्लुम्बर्गच्या जन्मदिवशी, केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, आणि ह्या तपासण्या व औषधे विनामूल्य देण्याचे ठरविले. योजना उत्तम आहे. परंतु कागदावरील योजना आणि रोग्याच्या हातातील गोळी ह्यांच्यामध्ये वैनगंगेचे पात्र पसरले आहे.

वैनगंगेचे नाव आले त्यावरून दुसरा एक हिशेब आठवतो. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीत, नागेतून कन्हानेत, आणि कन्हानेतून वैनगंगेत उतरते; तेच पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन मिसळते. ह्या प्रवाहाच्या खालच्या अंगाला ब्रह्मपुरीचा तालुका आहे. प्रत्येक काविळीचे कारण हेच, असे आम्ही म्हणत नाही. गावातली फुटकी नळवाहिनी आणि विहिरीकाठचे उकिरडे ह्यांचाही त्यात पुरेसा वाटा असतो. १९५५-५६ साली खुद्द राजधानी दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, हा इतिहास आहे. पण ह्या व्यवहारातील एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात यावी. नागपूरची घाण झाडीपट्टीकडे वाहते आणि झाडीपट्टीचे रोगी नागपूरकडे वाहतात. सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा हा प्रवास रोग्याने पोटातल्या पाण्यासकट बसमध्ये बसून करावयाचा, तोही रोवणी किंवा कापणीचा रोज बुडवून.

दारूविषयी आम्ही काही बोलत नाही असे समजून कोणी आमच्यावर तिचा कैवार घेतल्याचा आरोप करील. दारू यकृताचा नाश करते ह्यात तिळमात्र शंका नाही, आणि ज्याच्या रक्तात बी किंवा सी चा विषाणू आहे त्याचा नाश ती दुप्पट वेगाने करते. आमचे म्हणणे वेगळेच आहे. ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाताना वैनगंगेचा पूल ओलांडावा लागतो. पुलाच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा. तेथे स्त्रियांच्या आणि कार्यकर्त्यांच्या चळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. अलीकडे चंद्रपूर जिल्हा. तेथील स्त्रिया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या, १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविली. एका नदीच्या दोन तीरांवर दोन कायदे! बंदी उठविताना महसूल किती बुडाला, चोरटी दारू किती आली, गुन्हे किती वाढले, ह्यांचा खल झाला. बंदी ठेवा म्हणणाऱ्यांनी मोडलेल्या संसारांचा दाखला दिला. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात महसूल होता, नीती होती, पोलीस होते. पिणाऱ्याचे यकृत मात्र क्वचितच होते. किती लोक यकृताच्या विकाराने मेले, ते बंदीच्या काळात घटले की वाढले, हे छातीठोकपणे सांगता येईल अशी मोजणी कोणाजवळ होती? देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले असे मृत्यू २०२० सालीसुद्धा चतुर्थांशाच्या आत होते. जेथे मरणाचे कारणच लिहिले जात नाही, तेथे कायद्याचा गुण-दोष कशावरून ठरवावयाचा?

'एकच प्याला' पाहून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी डोळे पुसले, आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीवरही दारुड्या नवऱ्याचे दुःख पाहणारा प्रेक्षक रात्रभर मांडवात बसतो. ह्या अश्रूंनी मद्यपी हा पापी आहे एवढे आम्ही शिकलो. तो रोगी आहे हे शिकावयाचे राहून गेले. यकृत पुष्कळ बिघडल्यावरही दारू सोडली तर आयुष्य वाढते, हे त्याला कोण सांगतो? दारू सोडताना हातपाय कापू लागतात, भ्रम होतो, त्या दिवसांत त्याला कोण सांभाळतो? आम्ही त्याला उपदेश करतो, तो ऐकत नाही, आणि मग आमच्या बैठकीत निकाल लागतो. शिवाय जो पीत नाही आणि लठ्ठही नाही त्याचे यकृतही आता निर्धास्त नाही. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ९ टक्के प्रौढांच्या यकृतात चरबी साठलेली आढळली, आणि त्यांतील चारांपैकी तिघांचे वजन बेताचेच होते. हा भात खाणारा, कष्ट करणारा, आमच्यासारखाच मुलूख आहे.

येथे आमचे काही मित्र म्हणतात की ह्या सर्वांवर एकच तोडगा: ब्रह्मपुरी जिल्हा होऊ द्या, आणि तेथे यकृताचे एक भव्य रुग्णालय उभे राहू द्या. जिल्ह्याची मागणी जुनी आहे आणि तिच्याशी आमचे भांडण नाही. पण भव्य रुग्णालयाच्या कल्पनेने आम्हाला भूल पडू नये. यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया भारतात १९९८ पासून यशस्वी होत आली आहे, नागपुरातही ती होते. तिचा खर्च लाखांनी मोजावा लागतो आणि यकृत देणारा मिळावा लागतो. अशा एका शस्त्रक्रियेच्या खर्चात नवजात बालकांना किती लसी देता येतील, ह्याचे त्रैराशिक आमच्या शाळेतील मुलांनी मांडून पाहावे. इमारतीची कोनशिला बसविता येते, तिच्यावर नावे कोरता येतात. लसीच्या थेंबावर नाव कोरता येत नाही, एवढाच तिचा दोष!

दुसरा आक्षेप असा की खेड्यातील अडाणी लोकांच्याने हे व्हावयाचे नाही. ह्या आक्षेपाचे उत्तर आम्हाला परदेशातून आणावे लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांच्या 'सर्च' ह्या संस्थेने गावातल्याच, फारसे न शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची निगा राखण्याचे शिक्षण दिले. त्या गावांत नवजातांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि पुढे त्या पद्धतीचा स्वीकार सरकारने देशभर केला. जी स्त्री न्यूमोनिया ओळखू शकते, ती प्रसूतीनंतर चोवीस तासांच्या आत बी ची लस टोचली गेली की नाही हे निश्चित पाहू शकेल, आणि बोटाच्या रक्ताच्या थेंबावर होणारी तपासणीही शिकेल. अडाणीपणाची सबब आता आमची आम्हालाच लाजविणारी आहे.

म्हणून आमची मागणी थोडक्यात मांडतो. प्रत्येक गरोदर स्त्रीची बी प्रकारासाठी तपासणी व्हावी, आणि प्रत्येक बालकाला, ते घरी जन्मो वा दवाखान्यात, पहिल्याच दिवशी लस मिळावी. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात यकृताची आणि विषाणूंची तपासणी होऊन रोग्याला त्याच दिवशी उत्तर मिळावे, आणि निदान झालेल्याला महिन्याची गोळी नागपूरला किंवा चंद्रपूरला न जाता तेथेच मिळावी. एक सुई एका माणसाला, ह्या नियमाला अपवाद नसावा. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने बी ची साथ उसळून अनेकांचे प्राण गेले, हे विसरता येत नाही. पाण्यातील क्लोरिन रोज मोजावे आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. दारू सोडू इच्छिणाऱ्याला तालुक्यात आसरा मिळावा. आणि मेलेल्या प्रत्येक माणसाच्या मृत्यूचे कारण लिहिले जावे.

ह्यांतील एकही मागणी अशक्य कोटीतील नाही. वाचकांनी हा अंक मिटल्यावर निदान एक गोष्ट करावी. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे: गेल्या महिन्यात येथे किती बालके जन्मली, आणि त्यांतील कितींना चोवीस तासांच्या आत ही लस मिळाली? उत्तर मिळाले तर ते लिहून घ्यावे. न मिळाले तर तेही लिहून घ्यावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावे. सुशिक्षितांच्या पांढऱ्या कपड्यांचा आमच्या देशात अजून थोडाबहुत वचक आहे. तो ह्या कामी आला तर सार्थकी लागेल.

आणि पुढल्या वेळी बैठकीत कोणाच्या मरणाची बातमी येऊन कोणी "पीत असेल" असे म्हणाले, तर आपण एवढेच विचारावे: "त्याची तपासणी केव्हा झाली होती?" ह्या प्रश्नाने चहा थोडा निवेल, पण त्यास आमचा इलाज नाही.